तांदळात लिहिलेलं नाव

त्या मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी वहिनींना ‘ऋजुताजी’ अशी हाक मारली. वहिनींनी डोळे उघडले नाहीत. मग कुक्षीहून आलेल्या त्यांच्या भावाने ‘झमकू’ अशी हाक मारली. वहिनींनी डोळे उघडले. त्यांचे यजमान पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मी दाराशी होते.

मी लिहिते आहे ते या यजमानांविषयी. देवासच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी आणि कागदपत्रं जिथे ठेवतात तिथे, आम्ही एकोणीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काम केलं. कॉलनीतही त्यांचं घर माझ्या घरापासून तिसरं. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, ते कुणी ठेवलं हे ठाऊक आहे का? मला ते ठाऊक नाही. त्यांना हा प्रश्न उलट विचारावा असं एकोणीस वर्षांत मला सुचलं नाही.

नावाचा अर्थ विचारणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. यांची तऱ्हा वेगळी होती. समोरचा माणूस आपल्या नावाचा अर्थ सांगू लागला की ते पंजा वर करायचे, चौकातल्या शिपायाने मोटारी थांबवाव्यात तसा, आणि म्हणायचे, "अर्थ राहू द्या. ठेवलं कुणी?" कामगारांना हेच हिंदीत: "मतलब छोड़ो भिया, रखा किसने?" अर्थ कोशात मिळतो, असं त्यांचं म्हणणं. ठेवणाऱ्याच्या मनात त्या दिवशी काय होतं ते कोशात नसतं, आणि तो माणूस गेला की तेही त्याच्याबरोबर जातं. कारखान्यात त्यांना सगळे ‘नामवाले बाबूजी’ म्हणत.

ही सवय त्यांना एका चुकीमुळे लागली. नोकरीचं पहिलंच वर्ष. मनावरकडचा एक माणूस भरतीला आला आणि त्याने नाव सांगितलं मोटारसिंग. हे धारच्या जुन्या घराण्यातले, आजोबा-पणजोबा दरबारात कारकुनी करणारे, अक्षर मोत्यासारखं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला स्वतःचं नाव धड उच्चारता येत नाही. त्यांनी मोठ्या मनाने फॉर्मवर मोतीसिंग लिहिलं. दोन दिवसांनी तो माणूस बिल्ला हातात घेऊन टेबलासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, ये मेरा नाम नी है. मैं मोटर में पैदा हुआ था. मां मरते-मरते बची."

त्यांनी फॉर्म फाडला आणि दुसरा भरला. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. पुढच्या रविवारी बसने मनावर गाठलं, तिथून त्याच्या गावी गेले. वडिलांनी सांगितलं, गावात पहिली मोटार आली त्या आठवड्यात पोरगा झाला, म्हणून मोटारसिंग. आत्याने चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं, तसलं काही नाही; बाई अडली म्हणून दवाखान्यात नेत होतो, वाटेतच मोटारीत झाला, पुरुषांना ते सांगायला लाज वाटते. परत आल्यावर त्यांनी एक लांबट वही विकत घेतली, तीन रकाने आखले, नाव, ठेवणारा, कारण, आणि पहिल्या ओळीत दोन्ही कारणं लिहिली. दोन माणसं दोन कारणं सांगत असतील तर दोन्ही लिहायची, हा त्यांचा नियम झाला. त्यात बाईचं कारण आधी लिहायचं, हा दुसरा नियम.

मी नोकरीला लागले तेव्हा अशा सहा वह्या भरल्या होत्या. माझे यजमान याच कारखान्यात होते; ते गेल्यावर मला टाइम ऑफिसात घेतलं. पहिल्या महिन्यात मी कुणाशी फारसं बोलत नव्हते. समोर हे प्रश्नोत्तर चालायचं ते कानावर पडायचं, आणि कधी कधी हसू यायचं. राजगढजवळचा एक हमाल होता, नाव डिप्टी. त्याच्या जन्माच्या दिवशी कुणा डेप्युटीसाहेबाची जीप नाल्यात रुतली होती आणि आजोबांनी बैल जुंपून ती ओढून काढली. साहेब आभार न मानताच निघून गेले. आजोबांनी रागाने नातवाला डिप्टी केलं, म्हणजे घरात रोज एका डिप्टीला रागावता येईल. हे सांगताना तो हमाल इतका हसला की त्याच्या डोक्यावरचं पोतं घसरलं.

ऑफिस झाडायला धापूबाई यायच्या. माळवीत धापणं म्हणजे पोट भरणं, पुरे होणं. पाचवी मुलगी झाली तेव्हा आजोबा म्हणाले, आता धापलो. तेच नाव. हे ऐकल्यावर यांनी वही मिटली. मग चहाच्या वेळी त्यांनी धापूबाईंना हळूच विचारलं, वाईट वाटतं का? त्या झाडू टेकवून म्हणाल्या, "काहे का बुरा, बाबूजी? मेरे पीछे तीन भई हुए. पूरा गांव मेरे को शगुनवाली बोले." त्यांनी वही परत उघडली आणि कारणाखाली आणखी एक ओळ लिहिली. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्यांनी कचोरी खाऊ घातली.

कॉलनीत त्यांची थट्टाही व्हायची. शेजारच्या तरुण जोडप्याने मुलाचं नाव क्रिवांश ठेवायचं ठरवलं आणि अर्थ विचारायला त्यांच्याकडे आले. पंजा वर झाला. ठेवलं कुणी? मुलाचा बाप प्रामाणिक, तो म्हणाला, मोबाईलवर सापडलं. हे शांतपणे म्हणाले, "मग बारशाला कानात कुर्र करायलाही त्यालाच बसवा. आत्याला कशाला तिकीट काढायला लावता?" ती दोघं हसत घरी गेली. बारशाला मात्र आत्यालाच बोलावलं, आणि नाव तिलाच ठरवू दिलं.

रविवारी ते कुणाच्या तरी नावामागे बसने निघायचे. वहिनी दशम्या बांधून द्यायच्या आणि फाटकापाशी उभ्या राहून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "जगाची नावं गोळा करून आणतील. कोथिंबीर सांगितलेली लक्षात राहायची नाही." ते नुसतं "हो, हो" म्हणत चपला घालायचे. कोथिंबीर खरंच यायची नाही.

त्यांच्या लग्नाची हकीकत ते आवडीने सांगत. मोटारसिंगचा फॉर्म फाडला त्याच वर्षी वैशाखात धारला लग्न झालं. नव्या सुनेचं नाव तांदळात लिहायची आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. नवऱ्याने ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने नाव काढायचं. यांनी पंधरा दिवस पुस्तकं चाळून नाव निवडलं होतं, ऋजुता. त्या काळात धारला दुसरी ऋजुता नव्हती. पण तांदळात ऋ काढता येईना. दोनदा मोडला, तांदूळ सांडले, बायका हसायला लागल्या, आईसाहेब, म्हणजे यांच्या आई, पुटपुटल्या की सोपं नाव सुचलं नाही का. तिसऱ्यांदा ऋ जमला. ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं की ही गोष्ट हमखास व्हायची, आणि आम्ही हमखास हसायचो. तांदळात ऋजुता लिहिलं जाण्याआधी वहिनींचं नाव काय होतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मीही नाही.

वहिनींच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, तो निघाला होता. दोन दिवस वहिनींना शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशीची सकाळ मी सुरुवातीला सांगितली. भावाच्या हाकेला वहिनींनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि डोळे परत मिटले. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, याच नावाने बोलवत राहा.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. वहिनींचे दादा वयाने पंच्याहत्तरीचे, जन्म कुक्षीत गेलेला, मराठी बोलता बोलता हिंदीत जाणारे. ते आपल्या ओघात सांगत होते. वडील तहसिलीत नोकरीला. आई दोन दिवस अडली होती, डॉक्टर धारला गेलेला. पाड्यावरची एक दाई आली, झमकू तिचं नाव. ती दोन दिवस आईजवळून उठली नाही, घरी तिचं स्वतःचं तान्हं मूल ठेवून आली होती. मुलगी झाली, आई वाचली. आईने कुणाला न विचारता सांगून टाकलं की पोरीचं नाव झमकू. वडिलांनी कुमुद ठरवलं होतं. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून आईकडे पाहिलं आणि झमकू म्हणाली. मग वडील काय करतात?

एवढं सांगून दादा थांबले. मग अगदी सरळपणे म्हणाले, "पण हे तुम्हाला माहीत असेलच. तुम्ही तर नावांचे उस्ताद. लग्नात तर पहिल्याच दिवशी विचारलं असेल."

दादा चहा आणायला गेले. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव मला माहीत होतं, बाई. पत्रिकेवर होतं. आईसाहेब म्हणाल्या, हे मोलकरणीचं नाव, वाड्याच्या ओळखीत कुणाला सांगायचं? मला ते पटलं. मी विचारलं नाही कुणी ठेवलं."

बुधवारी ते एकटे आत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. त्यांनी वहिनींच्या कानाशी वाकून झमकू म्हटलं. तीनदा म्हटलं. काही झालं नाही. मग ऋजुता म्हटलं. तेव्हाही नाही. "माझ्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "तिला वाटलं असेल, कुणी परका माणूस आलाय. आणि ऋजुता तरी मी कधी म्हणत होतो? कागदावर लिहीत होतो. तिने मला नावाने हाक मारली नाही, ती कशी मारील. उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. एक्केचाळीस वर्षं आम्ही अहो आणि अगंवर काढली."

गुरुवारी मुलगा पोचला. दुपारी आम्ही तिघं आत होतो. सिस्टर सलाईन बदलत होती. हे खुर्चीत बसून खिडकीकडे पाहत होते, आणि घरी विचारावं तसं, मान न वळवता म्हणाले, "अगं, पाणी हवं का?"

वहिनी म्हणाल्या, "हं."

मुलगा धावत डॉक्टरांना बोलवायला गेला. ते उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. पाण्याचा चमचा मी लावला. एक घोट आत गेला, बाकीचं ओघळलं. त्यानंतर वहिनी बोलल्या नाहीत. शुक्रवारी पहाटे गेल्या.

मी त्यांना पुढे अनेकदा म्हटलं की शेवटचं उत्तर त्यांनी तुम्हालाच दिलं. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "ती हाक होती, बाई. नाव नव्हतं." मग मी तो विषय काढणं सोडलं.

दहाव्याला गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. मुलगा म्हणाला, ऋजुता. मागून हे म्हणाले, झमकू. गुरुजी थांबले. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला दुःखाने काही सुचत नाही. त्यांनी समजावून सांगितलं की लग्नात गोत्र बदलतं, नाव बदलतं, पिंड द्यायचा तो सासरच्या नावाने. आधीचं नाव या घरातलं नाही. मुलगाही म्हणाला, "बाबा, असू दे ना." ते दर्भ हातात घेतलेल्या मुलाकडे पाहत राहिले आणि मग मागे सरकून बसले. जन्मभर लोकांच्या नावांसाठी बसने फिरलेल्या माणसाला तिथे वाद घालता आला नाही. गुरुजी चुकीचं काही सांगत नव्हते. धारच्या यांच्या घरात सगळ्या सुनांचं असंच झालं होतं.

चैत्रात ते कुक्षीला निघाले. मला म्हणाले, येता का? मी गेले. धारच्या स्टँडवर बस अर्धा तास थांबली; त्यांचे चुलतभाऊ दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात, पण ते खाली उतरले नाहीत. कुक्षीत दादांनी त्या दाईच्या नातीचा पत्ता काढून ठेवला होता. बाजारात कैऱ्या घेऊन बसली होती, चाळिशीची असेल. तिला दादांनी सगळं समजावलं. ती कैऱ्या निवडत ऐकत होती.

यांनी विचारलं, तुमच्या आजीच्या नावावरून एका पोरीचं नाव ठेवलं, हे आजीला ठाऊक होतं का? ती म्हणाली, "दादी ने तो सैकड़ों जनम कराए, बाबूजी. किसका याद रखती?"

"और दादी का नाम? वो किसने रखा था?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. अशी चौकशी करायला इतक्या लांबून कुणी येतं याचं तिला नवल वाटलं असावं. "ये तो कबी पूछा नी," ती म्हणाली, आणि पुढे, बहुधा त्यांचा चेहरा पाहून, म्हणाली, "आप पैले आते. मां थी तब आते. मां को मालूम था." आई कधी गेली? दोन वर्षांपूर्वी. वहिनी तेव्हा हिंडत्या-फिरत्या होत्या. आम्ही दोन किलो कैऱ्या घेतल्या. तिने चार जास्तीच्या घातल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी वही काढली. मी शेजारी होते, मला दिसत होतं. झमकू, ठेवणारा: तिची आई, कारण: दाई, दोन दिवस. खालच्या ओळीत लिहिलं ऋजुता, ठेवणारा: मी. कारणाच्या रकान्यात पेन टेकवून ते पाच-सहा मैल बसून होते. बस हादरत होती, कागदावर शाईचा एक ठिपका पसरला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही पिशवीत ठेवली.

धार मागे पडल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचं माहेरचं नाव काय?"

मी म्हटलं, राहू द्या आता. त्यांनी आग्रह केला नाही. कारखान्यात मी सुलभा, कॉलनीत सुलभाताई, मुलीसाठी आई. गेली अडतीस वर्षं असंच आहे. घाटाबिल्लोदला बस थांबली, शेंगा विकणारा चढला-उतरला. बस सुटल्यावर मी सांगितलं, गिरणा.

पंजा वर झाला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "कुणी ठेवलं?"

वडिलांनी. ते जळगावकडे नदीपलीकडच्या गावात मास्तर होते. मी झाले तेव्हा गिरणेला पूर होता. निरोप पोचला, पण त्यांना तीन दिवस नदी ओलांडता आली नाही. ते रोज काठावर येऊन बसायचे. जिने अडवलं तिचंच नाव त्यांनी मला दिलं. सासूबाई म्हणाल्या, पिठाच्या गिरणीसारखं वाटतं, आणि तांदळात सुलभा लिहिलं गेलं. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. सगळ्या मैत्रिणींची नावं बदलली होती.

"चौथ्या दिवशी पोचले?"

"हो."

"चिखलाने भरलेले असतील."

"आई म्हणायची, गुडघ्यापर्यंत. तसेच आत आले म्हणून आजीने बोलणी दिली."

ते बाहेर बघू लागले. वही पिशवीतच होती, ती त्यांनी काढली नाही. देवासला उतरताना त्यांनी कैऱ्यांची पिशवी उचलली, खाली उतरले आणि मागे वळून म्हणाले, "चला, गिरणाबाई."

मी लगेच वळले. अडतीस वर्षांनी एका स्टँडवर, रिक्षावाल्यांच्या गोंगाटात, मला क्षणभरही विचार करावा लागला नाही की हे कुणाला म्हणताहेत. माझे डोळे भरून आले ते त्यांना दिसले असावेत. ते पुढे चालू लागले.

त्यानंतर सकाळी फिरून येताना ते माझ्या फाटकाशी थांबायचे आणि हाक मारायचे. "गिरणाबाई, पेपर आला का?" पेपर त्यांच्याकडेही यायचा. समोरच्या शेजारणीने मला एकदा खोदून विचारलं की हे काय नवीन काढलंय यांनी. वयाने विसरायला लागलेत का? मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी असेल. खरं सांगायचा मला संकोच वाटला. आणि ते नाव मला चार जणींत वाटून टाकायचंही नव्हतं.

मी त्यांना हाकेला ओ द्यायचे, कधी चहाला बोलवायचे. वहिनींविषयी ते झमकू म्हणून बोलत. झमकूला कारलं आवडायचं नाही. झमकू वैतागली की भांडी घासायला काढायची. पहिल्यांदा त्यांची जीभ अडखळायची, मग अडखळेनाशी झाली. एकदा कप खाली ठेवत ते म्हणाले, "आता जमतं मला. ऐकायला ती हवी होती." मी कप उचलून आत नेला.

भाद्रपदात एका सकाळी साडेसात वाजले तरी हाक आली नाही. मी गेले. दार लोटलेलं होतं. ते ओसरीवरच्या खुर्चीत बसलेले होते, पायात फिरायला जायचे बूट, एकाची नाडी बांधलेली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा.

मुलगा आला, तेरा दिवस राहिला, सामान आवरून पुण्याला गेला. त्या घरात आता पिथमपूरला नोकरी करणारं एक कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत. मला आंटी म्हणतात.

माझ्या दाराच्या पाटीवर सुलभा आहे, आधार कार्डावर सुलभा आहे. माहेरी आता कुणी उरलेलं नाही. गिरणा हे माझं नाव आहे, हे देवासात ठाऊक असलेली मी एकटीच आहे.